ओठ न मिटणारा बाहुला

बत्तिशीकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आणि टपालवाल्याच्या डोक्यात, एवढ्या दोनच ठिकाणी शिल्लक होतं. बाकी अख्ख्या शहराला ते बत्तिशीकाका. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती, तिथे बसून त्यांनी उभा जन्म कवळ्या घडवण्यात घालवला. पुढे डॉक्टरांची पाटी, डॉक्टरांची खुर्ची, डॉक्टरांचं हसू. आणि मागे प्लास्टरच्या धुरळ्यात, स्पिरिटच्या दिव्यावर कोरणी तापवून गुलाबी मेणात एकेक दात बसवणारे काका. शहरातले निम्मे म्हातारे काकांच्या दातांनी जेवायचे आणि त्याच दातांनी सुनांना बोलायचे. दोन्हींचं श्रेय काका बिनदिक्कत घेत.

माणूस वाईट नव्हता, फक्त दुरुस्तीखोर होता. कवळीत केसभर चूक राहिली तर हिरडी सोलून निघते, हे खरं. पण काकांनी तोच नियम जगाला लावून टाकला होता. कुणी म्हणालं, "आपण मंगळवारी भेटलो होतो," की हे म्हणणार, "बुधवारी." कुणी दाराचा रंग निळा म्हटला, की हे, "हिरवट निळा." समोरचा अर्ध्या वाक्यात असतानाच काकांचं बोट वर व्हायचं आणि उरलेलं अर्धं वाक्य ते स्वतःच पुरं करून टाकायचे. दुसऱ्याच्या तोंडात काय बसतं हे आपल्याला जास्त कळतं, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत होती.

काकूंचं सगळं उलटं. काकू बसस्थानकावर चौकशी खिडकीमागे माइकसमोर बसायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाचं मूल हरवलं, कुणाची पिशवी सापडली, हे त्या पुकारायच्या. आवाज असा स्वच्छ आणि समजूतदार, की त्यांनी 'गाडी दोन तास उशिरा येईल' असं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. मात्र आयुष्यभर त्या माइकवरून जे बोलल्या ते सगळं दुसऱ्यांच्या कामाचं. त्यांची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट एकच होती, ती कवळीची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी झाडूवाल्या बाईंना बाकावर एक डबी सापडली. डबीत दातांची कवळी. ती पोचवायला निघालेला आणि बाकावरच विसरून गेलेला पोरगेला कारागीर म्हणजे खुद्द काका. पण तेव्हा ते काकूंना काय ठाऊक? काकूंनी आपलं माइकवरून पुकारलं, की एक कवळी सापडली आहे, ज्यांची असेल त्यांनी चौकशी खिडकीशी यावं. गोष्ट इथवर आली, की काका झडप घालायचे. "आणि कवळी मागायला सात जण आले! सात!" लोक पोट धरून हसायचे, काकूही हसायच्या आणि चहाचं बघायला आत जायच्या. ओळखीपाळखीच्या सगळ्या घरांत ही गोष्ट अशीच सांगितली गेली होती, दोघांनी मिळून. निदान काकांना तरी ती दोघांनी मिळून सांगितल्यासारखी वाटायची.

मग काकू निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ बसस्थानकाच्याच विश्रांतीच्या खोलीत झाला. ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीटवाले, कॅन्टीनवाला, सगळे जमले. साहेबांचं भाषण संपलं, तसं मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, ती कवळीची गोष्ट होऊन जाऊ द्या!" काकूंनी माइक हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी गोष्ट फार सावकाश सांगितली. डबी कुठल्या रंगाची होती, बाक कुठला होता, आपला आवाज पहिल्या दिवसांत कसा कापायचा. मध्येच एकदा पहिल्या रांगेत बसलेल्या काकांकडे बघून त्या हसल्या. "आणि मग," त्या म्हणाल्या, "मी पुकारलं, की एक कवळी सापडली आहे, वरची, ज्यांची असेल त्यांनी चौकशी खिडकीशी यावं. आणि मग..."

काका जागचे उठून उभेच राहिले. "सात जण आले! सात!"

खोली हशाने दणाणली. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाळ्या थांबेनात. काकू माइक धरून तशाच उभ्या होत्या, तोंड जरासं उघडं. मग साहेबांनी त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि तिथे फुलांचा गुच्छ दिला. परतताना बसमध्ये काका खुशीत होते. "हशा बघितलास ना? नेमक्या वेळेला बोलावं लागतं," ते म्हणाले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. काकूंचा अबोलाही निवेदनासारखाच स्वच्छ. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त सगळी वाक्यं भिंतीला उद्देशून. "कुणाला जेवायचं असेल तर वाढलंय." "कुणाचा तरी चष्मा फ्रिजवर राहिलाय." घरात माणसं दोनच, त्यामुळे हा कुणीतरी कोण, याचा तपास लागायला काकांना फार वेळ लागला नाही. पण आपलं काय चुकलं ते मात्र कळेना. आठवडा गेला, दुसरा गेला. काकूंनी जेवणाचं टेबल सोडलं आणि त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवायला लागल्या. मग मात्र काका हादरले. ज्या बाईचा आवाज दिवसभर सगळ्या शहराला ऐकू यायचा, ती आपल्याच घरात गप्प झाली होती आणि आता ती परत कधी बोलणारच नाही की काय, या भीतीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी समोरासमोर बोलून बघितलं. "हे बघ, झालं ते झालं. पण मुळात तू इतकी सावकाश सांगत होतीस की..." 'मुळात'पाशी आल्यावर काकू उठून कपडे वाळत घालायला गेल्या. चिठ्ठी लिहायला बसले, तर चौथ्या ओळीत काका डबीचा रंग दुरुस्त करत होते.

शेवटी ते पलीकडच्या गल्लीत मेहुण्याकडे गेले. काकूंचा हा धाकटा भाऊ. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि 'हनुवटी खाली, डोळे उघडे' हे तो झोपेतही म्हणायचा.

"भाऊजी, तुम्ही तिची गोष्ट तोडलीत," मेहुणा म्हणाला.

"तोडली कुठे? पुरी केली!"

मेहुण्याने कपाळाला हात लावला. पण निदान दुखणं कुठल्या दाढेत आहे ते काकांना कळलं. माफी मागायची. प्रश्न एवढाच, की काकूंसमोर उभं राहिलं की त्यांची दातखीळ बसायची, आणि ती सुटली की तोंडातून दुरुस्तीच बाहेर पडायची.

त्याच सुमारास परगावच्या लेकीने फोनवर एक छोटीशी फिल्म पाठवली. मातीचा कोंबडा टेबलावरून तुरुतुरु चालतो, ठेचकाळतो, रडतो. मेहुण्याने समजावून सांगितलं, की कोंबडा आपण चालत नाही. त्याला केसभर हलवायचं, फोटो काढायचा, परत केसभर हलवायचं, परत फोटो. आणि फोटो भराभर दाखवले की कोंबडा चालतो. केसभर हा शब्द ऐकून काकांचे डोळे लकाकले. मातीचा कोंबडा रडू शकतो, तर मेणाचा नवरा माफी का मागू शकणार नाही? मेणाच्या माणसाची दातखीळ बसत नाही. आणि तोंडं बनवण्यात तर आपला हात धरणारा या शहरात कोण आहे?

जेवणाचं टेबल रिकामंच होतं. काकांनी ते ताब्यात घेतलं. दातांना बांधायच्या तारेचे दोन सांगाडे वळले, त्यावर कापूस गुंडाळला, वर मेण चढवलं. जुन्या शर्टाच्या बाहीतून बाहुल्याचे कपडे निघाले, काकूंच्या फाटक्या ओढणीतून बाहुलीचे. आइस्क्रीमच्या काड्यांच्या दोन खुर्च्या झाल्या. चहाचा कप म्हणून दाढेवर बसवायची एक टोपी उलटी ठेवली, ती इतकी हुबेहूब दिसली की काका स्वतःवरच खूश झाले. कथा साधी. बाहुली खुर्चीवर बसलेली. बाहुला दारातून येतो, तिच्यापुढे उभा राहतो, माफी मागतो. संपलं. फार तर अर्ध्या मिनिटाचं काम, असं काका म्हणाले.

मेहुण्याने कॅमेरा, तिकाटणं आणि दोन मोठे दिवे आणून लावले. बाहुला दारातून निघाला. अडीच पावलांत त्याचं नाक लोंबायला लागलं. चौथ्या पावलाला गुडघे वाकले. माफी मागायला निघालेला गृहस्थ बायकोपर्यंत पोचेस्तोवर निम्मा झाला होता आणि त्याची हनुवटी छातीवर टेकली होती. "भाऊजी, दिवे गरम पडतात त्याला," मेहुणा म्हणाला. "पण पश्चात्ताप काय दिसतोय चेहऱ्यावर! तसाच ठेवू या का?" काकांनी ठेवला नाही. दिवे गेले, खिडकीतल्या उजेडात काम सुरू झालं. मग ढग आला की बाहुल्याच्या घरात अंधार आणि गेला की लख्ख. मेहुण्याला शिंक आली की बाहुली खुर्चीवरून खाली. काका दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. दवाखान्यातली कामं रखडली, एक म्हातारे गृहस्थ महिनाभर नुसत्या लापशीवर राहिले आणि रोज डॉक्टरांना फोन करून अस्पष्ट शब्दांत काहीतरी ऐकवत राहिले.

बाहुल्याचं तोंड मात्र अप्रतिम होतं. त्यात कसलीच तडजोड नव्हती. वरचा ओठ डोक्याबरोबरच ओतलेला आणि दातांवरून सुबक वर उचललेला. खालचा जबडा तेवढा काढघाल करायचा. एकेका अक्षरासाठी वेगळा जबडा. आ, ई, ऊ, ए, ओ, सगळे डबीत ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात मोहरीएवढे दात, सुळे सुळ्यांच्या जागी, दाढा दाढांच्या जागी. मेहुण्याने भिंग लावून बघितले आणि तोंडात बोट घातलं.

वाक्य काकांनी विचार करून ठरवलं होतं. 'माझ्याकडून काही चुकलं असेल, तर मला माफ कर.' तेवढ्या वाक्यासाठी चार सकाळी गेल्या. मग दोघांनी मेहुण्याच्या स्टुडिओत बसून ते मोठ्या पडद्यावर बघितलं. आवाज अजून जोडायचा होता, नुसतं तोंड हलत होतं. बाहुला आला, उभा राहिला आणि बोलला. मेहुणा पुढे वाकून बघत होता.

"भाऊजी, हा तिला 'आ कर' का म्हणतोय?"

"माफ कर म्हणतोय."

"छे! नीट बघा. 'अला आ कर.' तिचे दात तपासायला आलाय हा."

काकांनी पुन्हा बघितलं. खरंच, बाहुला बायकोपुढे उभा राहून तिला तोंड उघडायला सांगत होता. त्यांनी डबी उघडली, एकेक जबडा लावून बघितला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. म म्हणायला ओठ मिटावे लागतात. प, फ, ब, भ, सगळ्यांना मिटावे लागतात. आणि डबीत मिटलेलं तोंड एकही नव्हतं. असणार कुठून? उभ्या जन्मात काकांनी कामावर मिटलेलं तोंड पाहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे येणारा प्लास्टरचा प्रत्येक जबडा उघडाच यायचा. शिवाय मिटलं तर दात दिसणार कसे? वरचा ओठ असा उचलून ओतलेला, की खालचा कितीही वर आणा, भेट नाही. आपण ज्याला ब्र काढता येत नाही असं म्हणतो ना, तो खराखुरा हा बाहुला होता.

नवं डोकं ओतायचं म्हणजे सगळं चित्रीकरण नव्याने. काकांनी त्यापेक्षा भाषा बदलायचं ठरवलं. ओठ न मिटवता माफी मागायची. सोपं वाटतं, पण बसा एकदा करून बघायला. माफी गेली, क्षमा गेली. सगळ्यात वाईट म्हणजे 'मी' गेला, 'माझं' गेलं, 'मला' गेलं. जन्मभर ज्या शब्दावाचून काकांचं एक वाक्य उभं राहिलं नव्हतं, तोच नेमका बाहुल्याच्या तोंडात बसेना.

"जाऊ दे," काका म्हणाले. "हे बसतं. जाऊ दे."

"ते तिने म्हणायचं, तुम्ही नाही."

"राग सोड?"

"ही माफी की हुकूम?"

काका येरझाऱ्या घालायला लागले. अचानक थांबले. "दिलगीर आहे! एकही ओठ मिटत नाही."

मेहुणा इतका हसला की खुर्ची मागे गेली. "भाऊजी, ताईने आयुष्यभर माइकवरून हेच म्हटलंय. गाडी उशिरा आली की, दिलगीर आहोत. तुम्ही कुठल्या फलाटावर लागताय?"

"बरं मग, चूक झाली."

"कुणाची?"

"म्हणजे काय कुणाची? झाली."

"आपोआप झाली? पाइप फुटल्यासारखी?" मेहुण्याने हसणं थांबवलं. तो काही झालं तरी तिचा भाऊ होता. "भाऊजी, सरळ म्हणा ना. चुकलो."

काकांनी तो शब्द मनात उलटापालटा करून बघितला. चु, क, लो. कुठेच ओठ मिटत नव्हते. तीन जबडे, झालं काम. पण त्यांना तो शब्द फार उघडा वाटला. माफ कर म्हटलं की चेंडू समोरच्याच्या हातात जातो. करायची तर कर. चुकलो म्हटल्यावर पुढे काय? आपण तिथेच उभे. असं काही आपण कधी म्हणालो होतो, हे त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचंही त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

पण मेणाने म्हणायला काय हरकत आहे? घरी येऊन ते न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहिले. जबडे नेमके कोरायचे तर आपलंच तोंड बघायला हवं. "चु," ते म्हणाले. ओठांचा चंबू झाला. "चु. चु. चु." मग मान तिरकी करून बाजूने बघितलं. "चु. चु."

बाहेरून काकूंचा आवाज आला, भिंतीला उद्देशून. "कुणाला उंदीर दिसला असेल तर पिंजरा माळ्यावर आहे."

काकांनी दाराला कडी घातली. जरा वेळाने हळू आवाजात पुन्हा सुरू झाले. पुढचे काही दिवस न्हाणीघरातून चु आणि लो यांचा जप ऐकू येत होता. काकूंनी पिंजऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

तीन जबडे झाले आणि बोलण्यापुरते फोटो नव्याने निघाले. पडद्यावर बाहुला पुन्हा दारातून आला, बायकोपुढे पोचला आणि म्हणाला, चुकलो. मेहुण्याने स्टुडिओत ते पाहिलं आणि काही चेष्टा केली नाही, यावरून काकांनी ओळखलं की जमलं. आता शेवटचे थोडे फोटो, की फिल्म तयार. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून ते जवळजवळ धावतच घरी आले.

टेबलावरच्या बाहुल्यांवर झाकलेली चादर बाजूला केलेली होती. काकू काकांच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातात ओढणीतली बाहुली होती आणि समोर जबड्यांची डबी उघडी.

"हिला एकच तोंड?" काकू म्हणाल्या.

त्या काकांकडे बघून बोलत होत्या. काकांना इतकं बरं वाटलं, की प्रश्न काय आहे तिकडे लक्षच गेलं नाही. "अगं, तिला नुसतं रंगवलंय. रेघ आहे ती. जबडा नाही लावला, कारण तिला संवाद नाहीत ना. ती फक्त ऐकते..."

हे वाक्य काकांनी स्वतः ऐकलं. एरवी ते लोकांची वाक्यं अर्ध्यावर तोडायचे. हे त्यांचं स्वतःचंच अर्ध्यावर राहिलं.

काकूंनी बाहुली टेबलावर ठेवली, शेजारी बाहुला उभा केला. "याचं मिटत नाही आणि हिचं उघडत नाही," त्या म्हणाल्या. "जोडा छान जमवलात."

काका उभेच होते. डोळ्यांसमोर विश्रांतीची ती खोली आली, तो माइक आला, जरासं उघडं राहिलेलं काकूंचं तोंड आलं. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या ओठांचे सतरा आकार कोरले होते आणि बायकोच्या तोंडाची ब्रशने एक रेघ मारली होती, तीही मिटलेली. त्यांना लाज वाटली, साधी सरळ लाज वाटली.

"मी करतो," ते म्हणाले. "आत्ता करतो. तुझी तोंडं. तू फक्त बोल, म्हणजे मला बघता येईल."

"काय बोलू?"

"कवळीची गोष्ट सांग."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची खिडकीकडे वळवून बसल्या, उजेड तोंडावर येईल अशा. काकांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. एका हातात कोरणी, दुसऱ्यात मेणाचा गोळा. मेणाचा लांब पत्रा कुठे ठेवावा हे न सुचून त्यांनी सवयीने तो दातांत धरला.

काकू सांगायला लागल्या. डबी, बाक, झाडूवाल्या बाई, कापणारा आवाज. काका त्यांच्या ओठांकडे बघत होते आणि भराभर कोरत होते. डबी म्हणताना खालचा ओठ जरा डावीकडे जातो, हे त्यांना माहीत नव्हतं. हसू येण्याआधी वरच्या ओठाला बारीक कंप सुटतो, हेही नाही. ज्या माणसाने सगळ्या शहराची तोंडं मापली, त्याने हे एक तोंड कधी धडपणे बघितलंच नव्हतं.

"मग मी पुकारलं, की एक कवळी सापडली आहे, वरची, ज्यांची असेल त्यांनी चौकशी खिडकीशी यावं," काकू म्हणाल्या. "आणि मग..."

इथे त्या थांबल्या. दरवेळी थांबायच्या तशाच. काकांचं बोट कोरणीसकट वर झालं, घशातून घरघर निघाली आणि दात खचकन मेणात रुतले. काकू वाट बघत राहिल्या. काका मेण चावत राहिले.

"आणि मग सात जण आले," काकूंनी स्वतःच सांगितलं. "त्यातल्या तिघांनी तर लावूनही बघितली. एकाला बसली, तो द्यायलाच तयार नव्हता. कंडक्टरने ओढून काढली त्याच्या तोंडातून." त्या हसल्या, काकाही नाकातून हसले. त्यांना वाटलं, झाली गोष्ट. पण काकूंचे ओठ मिटले नाहीत.

"मग आठवा आला. किडकिडीत पोरगा, केसांत प्लास्टर. मला म्हणाला, ही डबी माझी, मी विसरलो. मी म्हटलं, घे बाबा. त्याने कवळी बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बघतच राहिला. मागे ही मोठी रांग. मी म्हटलं, अहो, सरका. तर म्हणाला, हा सुळा तिरका लागलाय. मी बघितलं, मला काही दिसेना. म्हटलं, कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणाला, दिसणार नाही, पण टोचेल. आणि मग सगळ्या रांगेसमोर, माझ्याकडे बघून म्हणाला, चुकलो. आणि डबी घेऊन परत गेला, नवा बसवायला."

दिव्याची ज्योत फुरफुरत होती. काकांची कोरणी थांबली होती.

"आमच्या घरात हा शब्द कुणी काढलेला मी ऐकला नव्हता," काकू म्हणाल्या. "वडिलांनी नाही, चुलत्यांनी नाही. कुणाचं काही चुकायचंच नाही आमच्याकडे. त्या दिवशी घरी गेले आणि आईला म्हटलं, आज एक मुलगा बघितला. ही माझी गोष्ट होती. सात जण आले ही नव्हे, ती तुमची. मला माझी एकदा माइकवरून सांगायची होती, शेवटच्या दिवशी, तुमच्यादेखत."

काकांनी दातांतलं मेण बाहेर काढलं. मापासाठी मेणात घेतलेला इतका खोल चावा आजवर कुठल्याच पेशंटचा त्यांच्याकडे आला नव्हता; वरचे खालचे सगळे दात स्पष्ट उमटले होते. त्यांनी तोंड उघडलं. मेहुण्याने ऐकवलेलं, आरशासमोर घोकलेलं, मेणाच्या तीन जबड्यांत कोरलेलं सगळं त्यांना पाठ होतं, तरी ते ओठांवर यायला बराच वेळ गेला.

"चुकलो," काका म्हणाले.

काकूंनी डबी पुढे ओढली, बाहुल्याचे जबडे बोटाने चाळले, त्यातले तीन उचलून बाजूला ठेवले आणि डबी काकांच्या हातात दिली.

"याला एवढी तीन पुरेत," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडांना मेण लागेल ना?"

काकांनी मान हलवली. सुबक दात बसवलेले आ, ई, ए सगळे त्यांनी वाटीत ओतले आणि वाटी दिव्यावर धरली.